गॅलरीतले दोनशे चौदा थिरथिरे

शाळेने दिलेल्या कागदावरचं काम अगदी सोपं होतं. हिवाळ्याच्या सुट्टीत सात दिवस, रोज थोडा वेळ खिडकीत बसा, दिसतील ते पक्षी लिहा आणि कागद पक्षिमित्र मंडळाच्या पत्त्यावर पाठवून द्या. तळाशी बारीक अक्षरात 'मोठ्यांनी फक्त मदत करावी' असं छापलेलं होतं. बोळकीच्या बाबांनी ते वाचलं नाही असं नाही. वाचलं, पण ही सूचना इतर मुलांच्या बाबांसाठी असणार असं ते धरून चालले.

बोळकी ही त्यांची सात वर्षांची मुलगी. वरचे पुढचे दोन्ही दात एकाच आठवड्यात पडल्यामुळे तिला हे नाव मिळालं होतं आणि नवे दात यायला वेळ लावत असल्याने ते टिकलंही होतं. तिच्या पाठचा भाऊ चार वर्षांचा. देवाने त्याला आवाज दिला होता, पण तो कमी करायची कळ द्यायचं राहून गेलं होतं, म्हणून तो भोंगा. आणि बाबा वाहतूक मोजणी खात्यात निरीक्षक होते. चौकात खुर्ची टाकायची, रस्त्यावर खडूची रेघ मारायची आणि ती रेघ ओलांडणारं प्रत्येक वाहन मोजायचं. त्यासाठी मुठीत मावेल असं एक यंत्र असतं. अंगठ्याने खटका दाबला की आकडा एकाने पुढे सरकतो. एकोणीस वर्षं खटका दाबून त्यांच्या अंगठ्याला घट्टा पडला होता. पाहुणे आले की तो घट्टा दाखवल्याशिवाय त्यांना चहा मिळत नसे.

एका सकाळी अकरा हजार वाहनं न चुकता मोजलेल्या माणसाच्या घरात पक्षी अंदाजपंचे लिहिले जावेत, हे काही त्यांना बरं दिसेना. त्यांनी सुट्टी टाकली. साहेबांनी कारण विचारलं तेव्हा 'घरगुती मोजणी' असं सांगितलं. मग गॅलरीच्या कठड्यावर खडूने रेघ मारली, दोन खुर्च्या मांडल्या, 'आत' आणि 'बाहेर' असे दोन रकाने आखले आणि कर्मचाऱ्यांच्या नेमणुका केल्या. बोळकी लेखनिक. भोंगा शांतता अधिकारी. म्हणजे त्याने शांत बसायचं. आई दातांच्या दवाखान्यासाठी कवळ्या बनवायची आणि सकाळी आठला घर सोडायची, त्यामुळे ती या नेमणुकांतून वाचली. जाताना तिने एवढंच विचारलं, की हे सगळं शाळेने बोळकीला दिलंय ना? बाबा म्हणाले, अर्थातच, मी नुसता देखरेखीला आहे.

गॅलरीबद्दल एक गोष्ट सांगायला हवी. सकाळी न्हाणीघर बायको-मुलांच्या ताब्यात असे, म्हणून बाबांनी दाढीचा आरसा गॅलरीतल्या खिळ्याला टांगला होता. कोवळ्या उन्हात उभं राहून ते दाढी करत आणि करता करता साहेबांशी भांडत. साहेब आदल्या दिवशी काहीबाही बोललेले असत; त्याला त्या वेळी न सुचलेलं उत्तर दुसऱ्या दिवशी सकाळी आरशात सुचे. आरशातले साहेब नेहमी हरत. हे घरातल्या सगळ्यांना माहीत होतं आणि कोणी त्यावर बोलत नसे.

पहिल्या दिवशी चिमण्या आल्या, कावळे आले, आणि साडेसातच्या सुमारास एक निराळाच पाहुणा आला. अंगाने काळसर, शेपटी तांबूस आणि ती शेपटी अशी थरथरत होती की जणू गारठला आहे. पुस्तकात पाहिल्यावर कळलं की हा थिरथिरा. दर हिवाळ्यात दूरवरून येतो. तो कठडा ओलांडून आत आला, खटका दाबला गेला. दोन मिनिटांनी बाहेर गेला, पुन्हा खटका. थोड्या वेळाने आत आला. खटका.

बोळकीने लिहिणं थांबवलं. "बाबा, हा मघाचाच आहे."

बाबा म्हणाले की असं कचेरीतली नवी मुलंही म्हणतात. एकच बस दिवसातून आठ वेळा चौकातून जाते, म्हणून काय आपण एक लिहितो? आठ लिहितो. रस्त्याला आठ वेळा झिजावं लागतं.

"पण गॅलरी झिजत नाही ना," बोळकी म्हणाली. "आणि तो तोच आहे. त्याच्या शेपटीत मधलं एक पीस नाहीये. माझ्यासारखं."

तिने ओठ वर करून खिंड दाखवली. बाबांनी तिला प्रेमाने सांगितलं की लेखनिकाने मत द्यायचं नसतं, आकडा लिहायचा असतो. बोळकीने आकडा लिहिला. पण दुसऱ्या दिवसापासून ती मांडीवर आपली चित्रकलेची वहीसुद्धा घेऊन बसू लागली, आणि बाबांनी आकडा सांगितला की तो तक्त्यात लिहून वहीत काहीतरी काढत राही. मुलं म्हटल्यावर चित्रं काढायचीच, असं म्हणून बाबांनी तिकडे लक्ष दिलं नाही.

सात दिवसांनी बेरीज झाली. थिरथिरे, आत एकशे सात, बाहेर एकशे सात, एकूण दोनशे चौदा. आत आणि बाहेर तंतोतंत जुळलेलं पाहून बाबांचे डोळे पाणावले. याचा अर्थ गॅलरीत कुठेही कोंडी झाली नव्हती. इतका स्वच्छ तक्ता त्यांच्या खात्यात गेल्या दहा वर्षांत निघाला नसेल. कागदावर आत-बाहेरचे रकाने नव्हते, फक्त 'संख्या' होती. तिथे त्यांनी ठसठशीत २१४ लिहिलं आणि 'नोंद करणाऱ्याची सही' या जागेवर बोट ठेवून पेन बोळकीच्या हातात दिलं.

बोळकी म्हणाली, तिला सही करायची नाही. दोनशे चौदा नव्हते, एकच होता. बाबा म्हणाले, अगं, एकोणीस वर्षांत माझा एक आकडा परत आलेला नाही. बोळकीने पेनाकडे पाहिलं, बाबांकडे पाहिलं आणि सही केली. मग पेनाचं टोपण लावून ती आत निघून गेली. त्या दिवसापासून ती गॅलरीत बसेना. बाबांना वाटलं, सुट्टी संपत आली म्हणून पोर हिरमुसली असेल.

कागद पाठवल्यावर पाचव्या दिवशी मंडळाच्या बाईंचा फोन आला. या बाई एका शाळेच्या मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झाल्या होत्या आणि फोनवरही समोरचा उभा आहे की बसलाय हे त्यांना कळत असावं. बाबा आपोआप उभे राहिले. बाईंनी आकडा दोनदा विचारला. थिरथिरा हिवाळ्यात एकटा राहतो, दुसऱ्याला जवळपास फिरकू देत नाही. एका गॅलरीत दोनशे चौदा म्हणजे आजवर कोणी पाहिलं नाही असं काहीतरी आहे, असं त्या म्हणाल्या. येत्या रविवारी सकाळी मंडळाची चार माणसं येऊन पाहतील, आणि मग ही नोंद मुलीच्या नावानिशी वार्षिक पुस्तिकेत पहिल्या पानावर जाईल.

इथे कोणाही शहाण्या माणसाने एक प्रश्न स्वतःला विचारला असता. बाबांनी तो प्रश्न सोडून बाकी सगळं केलं. साहेबांना फोन केला. वाण्याला सांगितलं. इमारतीच्या सेक्रेटरींना जिन्यात गाठून सांगितलं, आणि तिथे घोडं अडलं. सेक्रेटरी म्हणाले, बाहेरची माणसं आणि तीही दुर्बिणी घेऊन येणार, तर अर्ज हवा. अर्ज दिला. तो तीन प्रतींत हवा होता. तीन प्रती दिल्या. त्यावर समोरच्या इमारतीची हरकत नसल्याचं पत्र हवं होतं, कारण दुर्बीण त्यांच्या खिडक्यांच्या दिशेने असणार. समोरच्या इमारतीच्या सेक्रेटरींनी त्यासाठी अर्ज मागितला. तो मात्र त्यांना दोनच प्रतींत चालला. इतकं झाल्यावर, पुस्तिकेत इमारतीचंही नाव छापून येईल असं कळताच सेक्रेटरींनी सगळ्या अटी मागे घेतल्या आणि दारात फलक लावला. त्यावर सर्वांत मोठ्या अक्षरात त्यांचंच नाव होतं.

वरच्या मजल्यावरच्या काकू सल्ला द्यायला खाली आल्या. बोलावणं लागत नसे. त्या म्हणाल्या, पाहुणे येणार आणि पाखरं कमी पडली तर शोभा होईल. दाणे टाका, शिळा ब्रेड टाका, माझ्या माहेरी असंच करायचे. बाबांना ते पटलं. शुक्रवारी त्यांनी दोन किलो दाणे कठड्यावर पसरले. शनिवारी सकाळी गॅलरीत कबुतरं आली. सुरुवातीला सहा होती, नंतर बाबांनी सवयीने खटका दाबायला घेतला आणि नव्वदला सोडून दिला. कबुतरांनी दाणे संपवले, कठडा रंगवला आणि काकूंच्या वाळत घातलेल्या चादरींवर आपलं मत नोंदवलं. काकूंनी वरून विचारलं की हा काय प्रकार आहे. बाबांनी सांगितलं की त्यांच्या माहेरचा आहे. त्यानंतर काकूंनी सल्ला देणं दोन दिवस बंद ठेवलं, हा त्या साऱ्या प्रकरणातला एकमेव फायदा.

आणि थिरथिरा दिसेनासा झाला.

दुपारी बाबा कबुतरांची घाण खरवडत होते तेव्हा खुर्चीखाली बोळकीची चित्रकलेची वही सापडली. त्यांनी हात पुसून ती उघडली. पानापानावर थिरथिरा होता. बसलेला, मान खाली घातलेला, कठड्यावरचा, नळावरचा. प्रत्येक चित्राखाली तारीख आणि वेळ होती. आणि प्रत्येक चित्रात, एकही न सोडता, शेपटीच्या मधोमध एक फट होती. बऱ्याच चित्रांत तो आरशासमोर होता. तिथे खाली लिहिलं होतं, 'भांडतोय.'

बाबा खुर्चीत बसले. एकशे सात वेळा आलेला आणि एकशे सात वेळा गेलेला तो एकच होता. तो आरशातल्या थिरथिऱ्याला हुसकायला यायचा, थकून जायचा, आणि राग आवरला नाही की परत यायचा. एकोणीस वर्षांत त्यांचा एकही आकडा परत आला नव्हता, कारण बसगाडीला कोणी शेपटीवरून ओळखत नाही. त्यांना पहिल्यांदा आठवली ती पुस्तिका. मग आठवलं की पुस्तिकेत त्या आकड्याखाली त्यांचं नाव नसणार, बोळकीचं असणार. हसतील ते तिला हसतील. तिला नको म्हणायचं होतं आणि पेन त्यांनी हातात दिलं होतं.

एव्हाना माणसाने फोन उचलून खरं सांगून टाकायला हवं होतं. त्यांनी दोनदा उचलला. एकदा बाई घरी नव्हत्या. दुसऱ्यांदा घरी होत्या, तर यांनी उद्या गाडी कुठे लावायची तेवढं सांगून फोन ठेवला. मग गॅलरी स्वच्छ धुतली, आणि पाहुण्यांसमोर दाढीचं सामान बरं दिसत नाही असं स्वतःला सांगून आरसा काढून पलंगाखाली ठेवला. खरं कारण निराळं होतं. आरसा दिसला तर सगळं कळेल, अशी त्यांना धास्ती होती.

रविवारी चारऐवजी सव्वीस माणसं आली. जिन्यात बुटांचा ढीग झाला, सेक्रेटरी प्रत्येकाची वहीत सही घेऊ लागले, त्यामुळे शेवटची माणसं वर पोचेपर्यंत पहिली कंटाळली होती. दुर्बिणींच्या तिकाटण्या उभ्या राहिल्या. एकाने भिंग नीट करताना दुर्बीण समोरच्या तिसऱ्या मजल्यावर वळवली आणि तिथल्या गृहस्थांनी टॉवेल सावरत पडदा ओढला. त्यांच्या इमारतीचं हरकत नसल्याचं पत्र होतं, पण ते त्यांनी आंघोळीला नेलं नव्हतं. भोंगा प्रत्येक पाहुण्याला ओरडून शांत बसायला सांगत होता. आईने चहा टाकला आणि कपबश्या पुरेनात म्हणून कवळ्या भिजवायची भांडी काढावी लागतील असं ती म्हणाली. ते ऐकून निम्म्या लोकांनी चहा सोडला.

आठ वाजले. साडेआठ वाजले. एक कावळा आला, त्याने सव्वीस भिंगांकडे पाहिलं आणि निघून गेला. कोणीतरी जांभई दिली. मग बाई वळल्या आणि दारात उभ्या असलेल्या बोळकीला त्यांनी जवळ बोलावलं.

"नोंद तुझी आहे ना? दोनशे चौदा तू स्वतः मोजलेस?"

बोळकीने बाबांकडे पाहिलं. तिचे कान लाल झाले. नाही म्हटलं तर बाबा सव्वीस माणसांत खोटे ठरत होते, हो म्हटलं तर ती ठरत होती. तिने खालचा ओठ घट्ट दाबून धरला आणि जमिनीकडे बघत उभी राहिली. बाबांना तिचं ते न सांगणं आजवरच्या कुठल्याही बोलण्यापेक्षा जास्त लागलं. साहेबांनी भर कचेरीत झापलं होतं तेव्हाही इतकं लागलं नव्हतं.

"आकडा माझा आहे," बाबा म्हणाले. "सही तेवढी तिची. पक्षी एकच आहे. ती पहिल्या दिवसापासून सांगत होती."

गॅलरीत इतकी शांतता झाली की शांतता अधिकाऱ्यालाही काही करायचं उरलं नाही. मग बाबांनी सगळं सांगितलं: रेघ, खटका, आत, बाहेर, बस. मागे कोणीतरी हसलं आणि पाठोपाठ बरेच जण हसले. सेक्रेटरींनी फलकावरचं आपलं नाव खरवडता येतं का ते पाहायला खाली धाव घेतली. बाबा खाली मान घालून उभे राहिले. हसू संपेपर्यंत उभं राहणं हीच आता आपली ड्यूटी आहे, असं त्यांनी मनाला समजावलं.

भोंग्याला मात्र एक गोष्ट राहिल्यासारखी वाटली. "आणि आरसा पलंगाखाली आहे," त्याने साऱ्या इमारतीला सांगितलं.

बोळकी आत गेली. पलंगाखाली सरपटत जाऊन तिने आरसा काढला, फ्रॉकने पुसला आणि बाबांच्या हातात दिला, कारण खिळ्यापर्यंत तिचा हात पोचत नव्हता. बाबांनी तो टांगला. "आता सगळे आत चला," बोळकी म्हणाली, आणि सव्वीस मोठी माणसं निमूटपणे बैठकीच्या खोलीत शिरून पडद्याआड दाटीवाटीने उभी राहिली.

पंधरा मिनिटांनी तो आला. कठड्यावर बसला, शेपटी थरथरवली, दोनदा मान झुकवली आणि आरशावर झेपावला. बाईंनी दुर्बीण लावली. शेपटीच्या मधोमध फट होती. बोळकीने त्यांच्यापुढे वही धरली. बाई एकेक पान उलटत राहिल्या, परत मागे गेल्या, पुन्हा पुढे आल्या.

"नेहमी येणारा पक्षी तोच की दुसरा, हे सांगणं फार अवघड असतं," त्या म्हणाल्या. "हिने ओळखलाय, आणि रोजची वेळ लिहिली आहे. दोनशे चौदाला मी काट मारायलाच आले होते. पण ही वही मला छापायला हवी."

मग त्यांनी बाबांना बाजूला घेऊन सांगितलं की आरसा झाकून ठेवा. बिचारा स्वतःशीच भांडून थकतो, खायला वेळ मिळत नाही. आई कपबश्या गोळा करत होती. ती शांतपणे म्हणाली, आमच्या घरात ही तक्रार जुनी आहे, आजवर एकच पेशंट होता. बाबांनी ते ऐकलं नाही असं दाखवलं, आणि आरशावर टॉवेल टाकला.

राहिला तो कागद. बाईंनी तो पिशवीतून काढला. आकडा बदलायचा तर कसा बदलायचा, याचा नियम मंडळाकडे नव्हता, पण बाबांच्या खात्याकडे होता, आणि तो स्वतः बाबांनीच करून घेतला होता: चुकीचा आकडा खोडरबराने पुसायचा नाही, त्यावर एकच आडवी रेघ मारायची, शेजारी बरोबर आकडा लिहायचा, खाली कारण द्यायचं आणि मोजणाऱ्याने सही करायची. कारण म्हणून बाबा आजवर फक्त तीन गोष्टी मान्य करत आले होते: पाऊस, रस्ता बंद, यंत्रात बिघाड. हाताखालच्या किती मुलांचे कागद त्यांनी या तिन्हींखेरीज दुसरं कारण लिहिलं म्हणून परत पाठवले होते.

ते जेवणाच्या टेबलाशी बसले. २१४ वर आडवी रेघ मारली. शेजारी १ लिहिलं. आपली सही केली. कारणाच्या ओळीवर पेन बराच वेळ थांबलं. बोळकी टेबलाच्या कडेला हनुवटी टेकवून बघत होती. मग त्यांनी लिहिलं, 'मुलगी सांगत होती, ऐकलं नाही.'

बोळकीने ते एकेका शब्दावर बोट ठेवत वाचलं. "हे कारण चालतं?"

"आजपासून चालेल," बाबा म्हणाले.

तिने पेन मागून घेतलं आणि त्यांच्या सहीखाली आपली सही केली, या वेळी कोणी जागा न दाखवता. पाहुणे बूट शोधत जिन्यात भांडत होते. गॅलरीत बोळकी आपल्या जुन्या खुर्चीत जाऊन बसली, बाबा शेजारच्या खुर्चीत बसले. थोड्या वेळाने कठड्यावर शेपटी थरथरली. बाबांचा अंगठा एकोणीस वर्षांच्या सवयीने खटक्यावर गेला.

"बाबा," बोळकी हळूच म्हणाली.

"माहितेय," बाबा म्हणाले. "तोच आहे." आणि त्यांनी यंत्र खिशात टाकलं.